३० फुटी शिडाच्या बोटीसाठी सोलर चार्ज कंट्रोलर: कोणता आणि का?

नाखवा

मंडळी, शिडाच्या बोटीवर सोलर बसवण्याबद्दल मराठीत सलग माहिती मिळत नाही, म्हणून हा धागा. चर्चा नेमकी व्हावी यासाठी एकच बोट समोर ठेवतो. ३० फुटी, फायबरची, एक डोलकाठी. वावर मुंबई ते गोवा, ऑक्टोबर ते मे. रात्री दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांत नांगरावर. किनाऱ्यावरची वीज मिळेल असं धरायचं नाही.

यंत्रणा १२ व्होल्टची. घरगुती वापराची बॅटरी एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड), १०० अँपिअर-तासांच्या दोन समांतर. इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी.

नांगरावरच्या एका दिवसाचा वापर असा. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि एप्रिल-मेमध्ये निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणजे ५० अँपिअर-तास. चार्टप्लॉटर (पडद्यावरचा सागरी नकाशा) आणि एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) मिळून १०. दोन पंखे रात्रभर ६. व्हीएचएफ रेडिओ ऐकण्यावर ५. नांगराचा एलईडी दिवा अडीच. केबिनचे दिवे, मोबाईल, पाण्याचा पंप ८. एकूण ८० च्या घरात. फ्रीज वगळला तर ३० वर भागतं, म्हणजे सगळा खेळ फ्रीजचा आहे.

८० अँपिअर-तास म्हणजे साधारण १०४० वॅट-तास. आपल्या किनाऱ्यावर त्या महिन्यांत रोज ५ तासांचं पूर्ण ऊन धरलं आणि आडवं पॅनेल, सावली, मीठ, उष्णता यांसाठी ३५ टक्के कापले, तर १०० वॅटचं एक पॅनेल दिवसाला ३२५ वॅट-तास देतं. म्हणून १०० वॅटची ३ पॅनेल धरली आहेत: दोन कॉकपिटच्या छपरावर शेजारी शेजारी, एक मागच्या रेलिंगवर.

प्रश्न कंट्रोलरचा, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग आवरणाऱ्या डब्याचा. ३० अँपिअरचा एक पीडब्ल्यूएम, ३० अँपिअरचा एक एमपीपीटी, की छोटे दोन?

वीजतंत्री

धाग्याची सुरुवात चांगली झाली. बहुतेक लोक कंट्रोलर आधी विकत घेतात आणि वापर नंतर मोजतात.

पीडब्ल्यूएम म्हणजे एक जलद उघडझाप करणारा स्विच. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत खाली ओढला जातो. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सर्वात फायद्याच्या व्होल्टेजवर ठेवतो आणि जादा व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो. खोक्यावर "३० टक्के जास्त वीज" लिहिलेलं असतं ते यामुळे.

पण तो आकडा थंड प्रदेशातला आहे. हिशोब बघा. १०० वॅटच्या ३६ सेलच्या पॅनेलचा कार्यबिंदू (जिथे ते सर्वात जास्त वीज देतं) २५ अंशांना १८ व्होल्ट, ५.५ अँपिअरच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी छपरावर चिकटवलेल्या पॅनेलचे सेल ६५ अंशांपर्यंत तापतात. दर अंशामागे साधारण ०.४ टक्के व्होल्टेज घसरतो, म्हणजे ४० अंशांना १६ टक्के. १८ चे १५.१ व्होल्ट झाले. पॅनेल आता ८४ वॅटचं आहे. एमपीपीटी रूपांतरात ४ टक्के जाऊन बॅटरीला ८० वॅट. पीडब्ल्यूएम १३.२ व्होल्टच्या बॅटरीला ५.६ अँपिअर ढकलतो, म्हणजे ७४ वॅट. फरक ८-९ टक्क्यांचा. बॅटरी १४.२ ला पोचली की तोच पीडब्ल्यूएम ७९ वॅट देतो, फरक जवळजवळ संपला.

म्हणून माझं मत: १२ व्होल्टची पॅनेल समांतर जोडणार असाल तर कोकणात एमपीपीटीसाठी जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. त्याच पैशात पॅनेलखाली १५-२० मिलिमीटर हवेची फट राहील अशा पट्ट्या बसवा, ती वीज जास्त खात्रीची.

खारवारा

@वीजतंत्री, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच पटला. बोटीवर उष्णतेपेक्षा मोठा चोर सावली आहे. बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा), डोलकाठी, तिच्या आधाराच्या तारा. नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून फिरत राहते. सकाळी मतलई वारा, दुपारनंतर खारा, त्यामुळे सावली कधी या पॅनेलवर, कधी त्या.

३६ सेलच्या पॅनेलमध्ये सहसा दोन बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे) असतात, प्रत्येकी १८ सेलसाठी. एका सेलवर बूमची दाट सावली पडली की त्याची १८ सेलची अर्धी बाजू बाद. उरलेली बाजू गरम असताना साडेसात व्होल्ट देते. समांतर जोडणीत साडेसात व्होल्टचं पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीला काहीच देऊ शकत नाही. म्हणजे अर्ध्या पॅनेलवरच्या सावलीत अख्खं पॅनेल गेलं.

हीच दोन पॅनेल एकसर जोडा. एकूण ३० व्होल्ट, त्यातली अर्धी बाजू गेली तर २२ उरतात, तरी बॅटरीपेक्षा खूप वर. एमपीपीटी तीन चतुर्थांश वीज काढतो, समांतर असती तर निम्मी मिळाली असती. दोन्ही पॅनेलच्या अर्ध्या बाजूवर सावली असेल तर समांतरात शून्य. एकसर जोडणीत तेव्हा १४ व्होल्ट उरतात, ते चढत्या बॅटरीला पुरत नाहीत, पण सकाळी बॅटरी खाली असताना थोडं मिळतं.

यात दोन अटी. पॅनेलमध्ये खरोखर बायपास डायोड हवेत: मागचा जंक्शन बॉक्स उघडून बघा, वाकणाऱ्या पातळ पॅनेलमध्ये कधी एकच असतो, कधी नसतोच. डायोड नसतील तर एकसर जोडणीत एका पॅनेलवरची सावली दुसऱ्यालाही गळफास लावते. आणि सावलीत दोन वेगवेगळ्या व्होल्टेजना वीज वाढलेली दिसते, म्हणजे दोन शिखरं, त्यातलं मोठं शोधायची बुद्धी कंट्रोलरला हवी. स्वस्त एमपीपीटी छोट्या शिखरावर अडकून बसतात.

माझं उत्तर: छपरावरच्या दोन पॅनेलना एकसर जोडून १५ अँपिअरचा एमपीपीटी. मागच्या रेलिंगवरच्याला त्याचा स्वतःचा कंट्रोलर. वेगळ्या दिशेला तोंड असलेली पॅनेल एका कंट्रोलरवर कोंबू नयेत.

मांडवीकाठ

एकसर जोडणीबद्दल पूर्ण सहमत. आकडे वाचायचे कसे तेही इथे असू द्या. व्हिक्ट्रॉन कंपनीचा ७५/१५ एमपीपीटी म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त ७५ व्होल्ट, बॅटरीकडे जास्तीत जास्त १५ अँपिअर. १०० वॅटच्या पॅनेलचा उघड्या टोकांचा व्होल्टेज २२ ते २२.५. दोन एकसर म्हणजे ४५. थंडीत व्होल्टेज वाढतो, पण आपल्याकडे पहाटे १५ अंश धरले तरी वाढ ३ टक्के. तीन एकसर जोडली तर ६९-७० व्होल्ट, ७५ च्या फार जवळ, तिथे १०० चा घ्यावा. अँपिअर ओलांडले तर चांगला कंट्रोलर नुसती मर्यादा घालतो, व्होल्ट ओलांडले तर जळतो आणि गॅरंटीही जाते.

आता मागच्या एकट्या पॅनेलबद्दल एक बारीक मुद्दा, जो सहसा कोणी सांगत नाही. व्हिक्ट्रॉनच्या एमपीपीटीला चार्जिंग सुरू करायला पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट वर लागतो, आणि चालू ठेवायला १ व्होल्ट वर. गरम झालेलं एकटं पॅनेल १५.१ वर काम करतंय आणि बॅटरी १४.२ ला आली आहे, तर कंट्रोलर आपल्या सीमेवर टेकलेला आहे, शोधायला जागाच उरली नाही. म्हणजे जिथे एमपीपीटी निरुपयोगी तिथेच लोक तो हौसेने लावतात. एकट्या १२ व्होल्टच्या पॅनेलला चांगला पीडब्ल्यूएम लावा. मॉर्निंगस्टारचा सनसेव्हर १० अँपिअरचा पुरतो, तो आतून इपॉक्सीत ओतलेला असतो, खाऱ्या हवेत टिकतो.

वीजतंत्री

@खारवारा, @मांडवीकाठ, सावलीचा मुद्दा मान्य. माझा हिशोब समांतर जोडणीपुरता होता. छपरावर एकसर आणि एमपीपीटी, मागे पीडब्ल्यूएम, ही मांडणी या बोटीला योग्य आहे. फक्त दोन्ही कंट्रोलरचे व्होल्टेज सारखे ठेवा. एक १४.४ ला आणि दुसरा १४.१ ला थांबणार असेल तर दुसरा भर दुपारी "बॅटरी भरली" समजून हात आखडता घेतो.

वायरचं बोलू. एका बाजूचं अंतर ७ मीटर, ४ स्क्वेअर एमएमची वायर. एकसर जोडणीत ५.६ अँपिअरला घट ०.३४ व्होल्ट, ३६ मधले १ टक्क्याहून कमी. समांतर जोडणीत ११.२ अँपिअरला ०.६९ व्होल्ट, १८ मधले जवळजवळ ४ टक्के. सूत्र सोपं: २ × मीटर × अँपिअर × ०.०१७५ ÷ स्क्वेअर एमएम.

बॅटरीकडची घट त्याहून महत्त्वाची, कारण कंट्रोलर आपल्याच टर्मिनलवरचा व्होल्टेज बॅटरीचा समजतो. ४ मीटर लांब अडीच स्क्वेअरच्या वायरवर १५ अँपिअरला ०.८४ व्होल्ट पडतात. कंट्रोलरला १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीत १३.५६ असतात. प्रवाह वेळेआधीच आखडतो, अर्धी दुपार वाया, आणि वर्षभर अर्धवट भरून बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. दीड मीटर अंतर आणि ६ स्क्वेअर ठेवलं तर घट ०.१३. म्हणून कंट्रोलर बॅटरीजवळ, पण बॅटरीच्या खोक्यात किंवा थेट वर नाही: वायूही तिथे, उष्णताही तिथे.

आगबोट

वायर कुठली घ्यायची? मरीन वायर सगळीकडे मिळत नाही.

मीठपाणी

घराच्या छतावरच्या सोलरला वापरतात ती डीसी सोलर केबल घ्या. तिच्यावर ईएन ५०६१८ किंवा एच१झेड२झेड२-के छापलेलं असतं. त्या मानकात तांब्याच्या तारांना कथिलाचा मुलामा असतो, इन्सुलेशन दुहेरी असतं, उन्हाने तडकत नाही. ४ आणि ६ स्क्वेअर सोलरच्या कुठल्याही दुकानात मिळते. घरगुती वायरिंगची बिनमुलाम्याची तार बोटीवर ओढू नका. मीठ इन्सुलेशनखालून आत चढतं, तार काळी पडते आणि मल्टिमीटर व्होल्टेज बरोबर दाखवतो, पण भार टाकला की सगळं कोसळतं. म्हणून तपासणी नेहमी भार चालू ठेवून करा.

टोकं अशी: थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) चांगल्या क्रिंपिंग प्लायरने दाबायचं, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). कंट्रोलरच्या स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या टोकाला डाग (सोल्डर) देऊ नका. डाग दिलेलं टोक दाबाखाली हळूहळू बसतं, स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो. प्लास्टिक वितळलेले कंट्रोलर दिसतात त्यांत बहुतेक वेळा कंट्रोलरचा दोष नसतो. बसवल्यावर आठवड्याने सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळायचे, नंतर हंगामात दोनदा.

पॅनेलच्या वायरी जोडायचे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क अर्धवट राहतो. आणि ते डेकवर पाणी साचतं तिथे पडू देऊ नका, पॅनेलखाली उचलून बांधा.

नाखवा

मग अशी मांडणी. छपरावरची दोन एकसर, ७ मीटर ४ स्क्वेअर, डीसी एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप उघडणारा स्विच), ७५/१५. मागचं एक पॅनेल १० अँपिअरच्या पीडब्ल्यूएमला. दोन्हींचे आउटपुट मेन बॅटरी स्विचच्या पुढच्या बसबारला (सगळ्या वायरी एकत्र येतात ती धातूची पट्टी), तिथून बॅटरी. फ्रीज ७५/१५ च्या लोड टर्मिनलवर, म्हणजे व्होल्टेज खाली आला की आपोआप बंद होईल. कुठे चुकतंय?

खारवारा

दोन ठिकाणी. कंट्रोलर मेन स्विचच्या पुढे जोडलात तर बोट सोडताना मेन स्विच बंद केला की कंट्रोलरची बॅटरी तुटली, आणि पॅनेल मात्र चालूच. बॅटरीशिवाय पॅनेलवर लटकलेला कंट्रोलर बसबारवर नको तो व्होल्टेज देऊ शकतो, आणि बोट रिकामी असताना चार्जिंग होत नाही ते वेगळंच. कंट्रोलरच्या पॉझिटिव्ह वायरी फ्यूजमधून थेट बॅटरीला न्या. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत, १५ अँपिअरच्या कंट्रोलरला २० चा. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि वायरीला आग लावायची ताकद बॅटरीत असते, म्हणून तो बॅटरीच्या टोकाला.

जोडण्याचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलर १२ की २४ व्होल्ट हे बॅटरी बघून ठरवतो.

दुसरं, फ्रीज लोड टर्मिनलवर नको. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणिक प्रवाह ४ अँपिअरपेक्षा बराच जास्त असतो, लोडचा स्विच ट्रिप होतो आणि फ्रीज सारखा सुरू-बंद करत बसतो. फ्रीजला बॅटरीपासून स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज आणि जाड वायर द्या. डॅनफॉस/सेकॉप बीडी३५ कॉम्प्रेसरच्या कंट्रोल युनिटमध्ये कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असतेच. मूळ सेटिंग १०.४ व्होल्ट आहे, ते लेड बॅटरीला फारच खाली, पण युनिटच्या टर्मिनलवर एक छोटा रेझिस्टर लावून वर नेता येतं. कुठल्या व्होल्टेजला किती ओहम, हा तक्ता कॉम्प्रेसरच्या पत्रकात दिलेला असतो.

वीजतंत्री

लोड टर्मिनलवरून आठवलं. बरेच पीडब्ल्यूएम "कॉमन पॉझिटिव्ह" असतात: आतला स्विच निगेटिव्हच्या बाजूला. बोटीत बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडलेला असतो. पॅनेलचा निगेटिव्ह कुठे तरी चौकटीतून, स्टीलच्या कमानीतून इंजिनपर्यंत पोचला तर कंट्रोलरला वळसा पडतो आणि पॅनेल बॅटरीला बेलगाम चार्ज करतं. एजीएम फुगते ती अशी. लोडचा निगेटिव्हही सामाईक बसबारला जोडला तर कमी व्होल्टेजचा कट-ऑफ कधीच लागत नाही.

तपासणी: कंट्रोलर सुटा असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पॅनेल-निगेटिव्ह आणि बॅटरी-निगेटिव्ह टर्मिनल तपासा, मग दोन्ही पॉझिटिव्ह. बीप पॉझिटिव्हमध्ये आला तर कॉमन पॉझिटिव्ह. तो प्रकार बोटीसाठी घेऊच नये. कुठलाही कंट्रोलर असो, पॅनेलचा निगेटिव्ह कुठेही अर्थिंगला जोडायचा नाही, दोन्ही वायरी सरळ कंट्रोलरपर्यंत आणायच्या. स्टीलच्या कमानीतून नकळत वाहणारा प्रवाह पाण्याखालच्या धातूलाही खातो.

आगबोट

बाजारात स्वस्तातले "एमपीपीटी" लिहिलेले निळे डबे दिसतात. ३० अँपिअर, हाताच्या पंज्याएवढे.

मांडवीकाठ

ते पीडब्ल्यूएम असतात. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची कॉईल आणि उष्णता घालवणारं अ‍ॅल्युमिनियम लागतं, ३० अँपिअरचा डबा दीड-दोनशे ग्रॅमचा असूच शकत नाही. पक्की चाचणी: भर उन्हात, बॅटरी अर्धी असताना, पॅनेलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्धाच व्होल्ट जास्त असेल तर पीडब्ल्यूएम. एमपीपीटी असेल तर पॅनेलचा व्होल्टेज स्पष्ट वर असतो आणि डीसी क्लँप मीटरवर बॅटरीकडचे अँपिअर पॅनेलकडच्यापेक्षा जास्त येतात. या डब्याला दोन पॅनेल एकसर जोडली तर निम्मी वीज उष्णतेत नाही, सरळ पॅनेलमध्येच अडकून राहते, आणि मालकाला वाटतं पॅनेल खराब.

सेटिंगबद्दल. एजीएमला २५ अंशांना अ‍ॅब्सॉर्प्शन (पूर्ण भरण्याचा व्होल्टेज) १४.४, फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचा) १३.५ ते १३.८, इक्वलायझेशन (मुद्दाम जादा चार्ज) बंद. तापमान भरपाई दर अंशाला १६ ते २४ मिलिव्होल्ट वजा, बॅटरीच्या पत्रकाप्रमाणे. इंजिनशेजारची बॅटरी ४० अंशांवर असेल तर व्होल्टेज ०.२४ ते ०.३६ ने खाली यायला हवा. पण कंट्रोलर स्वतःचं तापमान बॅटरीचं समजत असेल आणि तो हवेशीर कपाटात असेल, तर भरपाई कमी पडते. बॅटरीवर चिकटणारा वेगळा सेन्सर लावा, आपल्या हवेत तो चैनीचा भाग नाही. जेल बॅटरीला १४.१-१४.२ च्या वर जाऊ नका. लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.२, फ्लोट १३.५ आणि तापमान भरपाई शून्य, ती शून्य करायला विसरलात तर उन्हाळ्यात चार्जिंगचा व्होल्टेज विनाकारण खाली येतो.

इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी कोणी सुचवेल, म्हणून आधीच: शिडाची बोट २०-२५ अंश कलते, आम्ल सांडतं. आणि बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचलेलं) खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू होतो. बंद केबिनमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

मीठपाणी

व्हीएचएफची चाचणी राहिली. एमपीपीटीतली जलद उघडझाप रेडिओला आवाज देते. दुपारी रेडिओ एखाद्या रिकाम्या चॅनेलवर, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) पूर्ण उघडा, मग पॅनेलचा एमसीबी बंद-चालू करून आवाजातला फरक ऐका. फरक पडला तर एआयएसवर दूरची जहाजं दिसेनाशी होतात, आणि मुंबईच्या वाहतूक मार्गाजवळ ते परवडत नाही. उपाय: पॅनेलच्या प्लस-मायनस वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना वायरींवर क्लिप-ऑन फेराइट (आवाज शोषणारी कडी), अँटेनाची केबल वेगळ्या बाजूने. होकायंत्रापासून कंट्रोलर आणि वायरी किमान मीटरभर लांब.

कंट्रोलर उभा बसवा, वायरी खालून, वर-खाली १० सेंटिमीटर मोकळे. ४० अंशांच्या वर पूर्ण क्षमता मिळेल असं धरू नका.

नाखवा

आराखडा तसा बदलतो. शेवटचा प्रश्न: जून ते सप्टेंबर बोट किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली. कंट्रोलर जोडलेला ठेवायचा का?

खारवारा

पॅनेल ताडपत्रीखाली असतील तर नाही. ७५/१५ स्वतः २५ मिलिअँपिअर खातो: दिवसाला ०.६ अँपिअर-तास, चार महिन्यांत ७० च्या वर. त्यात बॅटरीची स्वतःची गळती मिळवा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये बॅटरी निम्म्यावर किंवा त्याखाली, आणि तशी महिनोन् महिने पडलेली एजीएम पुन्हा पूर्ण क्षमतेला येत नाही. बॅटरी पूर्ण भरा, आधी पॅनेलचा एमसीबी बंद, मग कंट्रोलरचे फ्यूज काढा, बॅटरीच्या निगेटिव्ह केबली सोडा. दोन महिन्यांनी एकदा चार्जर लावा. बिल्ज पंप चालू ठेवावा लागणार असेल तर मागचं पॅनेल ताडपत्रीबाहेर आणि त्याचा पीडब्ल्यूएम जोडलेला राहू द्या, पावसाळी ढगांतही एवढ्या वापराला ते पुरतं.

वीजतंत्री

एमसीबी डीसीचाच घ्या, ही पुस्ती. घरातल्या एसीच्या एमसीबीत डीसीची ठिणगी विझत नाही, कारण डीसी प्रवाह क्षणभरही शून्यावर येत नाही. आणि डीसी एमसीबीवर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्याच दिशेने जोडा. उलटा जोडला तर रोज नीट चालतो, पण भारावर उघडायची वेळ आली की आतच जळतो.